नावाडी बेपत्ता आहे: एकच गोष्ट चार सिस्टीममध्ये चालवताना

पावसाळ्याचे दिवस. खाडीकाठच्या गावातला तरीवरचा नावाडी धाकू तीन दिवसांपासून दिसलेला नाही. त्याची होडी मात्र रोज पहाटे या काठाला बांधलेली सापडते आणि तिच्या तळाशी ओली वाळू असते. पलीकडच्या पडक्या बुरुजावर रात्री उजेड हलतो. तुम्ही धक्क्यावर उभे आहात. काय करता?

इतकं सांगून मी थांबते आणि समोरच्या चौघांकडे बघते. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणून हीच गोष्ट मी आजवर चार वेगवेगळ्या सिस्टीममध्ये, म्हणजे चार नियमसंचांत, चालवली आहे. एका टेबलावर निम्मा वेळ बुरुजाच्या पायऱ्यांवरच्या मारामारीत गेला. दुसऱ्यावर एकदाही हत्यार निघालं नाही, तरी शेवटी बुरुजात पाय टाकायला कुणी धजेना. तिसऱ्यावर सगळी चुरस कंदील वाचवायचा की दोरी, अशा निवडींची होती. चौथ्यावर तर नावाड्याला लपवून ठेवणारे खेळाडूच होते. गाव तेच, खाडी तीच. नियम बदलले की टेबलावरचं बोलणं बदलतं. हे एकदा अनुभवलं की एकाच नियमपुस्तकावर वर्षानुवर्षं थांबवत नाही. म्हणून ही गोष्ट हाताशी धरून, खेळ कसा चालवायचा आणि मग सिस्टीम कशी बदलायची, ते क्रमाने सांगते.

ज्यांना हा प्रकार अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये एक जण जग सांभाळतो, बाकीचे प्रत्येकी एक व्यक्तिरेखा साकारतात, सगळं बोलून घडतं, आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. जग सांभाळणाऱ्याला डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये डीएम म्हणतात, कॉल ऑफ कथुलूमध्ये कीपर. मी सरसकट जीएम, म्हणजे गेम मास्टर, म्हणते.

माणसं, वेळ, फासे

खेळाडू तीन किंवा चार. पाचवा आला की प्रत्येकाची पाळी लांबते, आणि पहिल्यांदा चालवताना पाच जणांकडे लक्ष देणं अवघड जातं. वेळ सलग तीन तास. जेवण आधी उरकून घ्या. मध्येच ताटं आली की रंगलेला प्रसंग पुन्हा उभा करायला वीस मिनिटं जातात.

फाशांचा पूर्ण संच सात नगांचा असतो: डी४, डी६, डी८, दोन डी१०, डी१२ आणि डी२०. आकडा फाशाच्या बाजूंचा, म्हणजे डी२० हा वीस बाजूंचा फासा. ऑनलाइन सहज मिळतो. पण खाली दिलेल्या चारपैकी दोन सिस्टीम मुख्यतः घरातल्या ल्युडोच्या फाशांवर चालतात, तेव्हा फासे यायचे आहेत म्हणून थांबू नका. डी२० नसेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून उचला. यात कमीपणा काहीच नाही. १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बेसिक संचातही आकड्यांच्या चकत्या दिल्या होत्या. फक्त उचललेली चिठ्ठी दर वेळी वाटीत परत टाका, नाहीतर पुढच्या खेळाडूची शक्यता बदलते.

गोष्ट नको, परिस्थिती लिहा

नवा जीएम बहुतेक वेळा कथा लिहून आणतो: आधी हे घडेल, मग ते, मग शेवट. खेळाडू दुसऱ्याच मिनिटाला तिसरीकडे जातात आणि मग त्यांना ओढून आणावं लागतं. त्याऐवजी एका पानावर एवढंच लिहा: कुणाला काय हवंय, आणि खेळाडू आलेच नाहीत तर काय होईल.

माझ्या पानावर असं आहे. सावकाराला चोरटा माल पलीकडच्या काठावरून गलबतावर चढवायचा आहे आणि त्यासाठी अमावस्येच्या उधाणाची भरती गाठायची आहे. धाकूला तो रात्री जबरदस्तीने होडी मारायला लावतो आणि दिवसा बुरुजात कोंडून ठेवतो. धाकूच्या बायकोला हे ठाऊक आहे, पण मुलाच्या जिवाला धोका म्हणून ती गप्प आहे. खेळाडूंनी काही केलं नाही तर उद्या मुलगाही नाहीसा होईल आणि परवा उधाणाला गलबत निघून जाईल, धाकूला घेऊन. जागा तीनच: धक्का, धाकूचं घर, बुरूज. शेवट मी लिहिलेला नाही, कारण तो माझा नाहीच.

आता सुगावे. पहिल्या खेपेला ‘धाकू बुरुजात आहे’ हे कळायचा मी एकच मार्ग ठेवला होता, होडीतली वाळू, आणि ती ओळखायला फासे टाकायला लावले. फासा पडला तो दोनाचा. पुढची चाळीस मिनिटं चार हुशार माणसं गावात नुसती फिरत राहिली. तेव्हापासून मी जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन सुगाव्यांचा नियम सोडलेला नाही: खेळाडूंना जे कळायलाच हवं, त्याच्याकडे नेणारे किमान तीन सुगावे पेरायचे. एक हुकतो, एकाचा अर्थ चुकीचा लागतो, तिसरा तारतो. वाळू लालसर आहे, आणि तशी वाळू फक्त बुरुजाखालच्या पुळणीवर असते. होडीची गाठ धाकूच्याच हातची आहे, हे धक्क्यावरचं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे तो जिवंत आहे आणि रोज येऊन जातो. आणि धाकूची बायको संध्याकाळी भाकरीचं फडकं बांधून दगडाखाली ठेवते, ते सकाळी रिकामं असतं. यातलं काहीही शोधायला फासे लागत नाहीत. बघितलं की दिसतं, विचारलं की कळतं.

आधीचा अर्धा तास

खेळ सुरू करण्याआधी गोष्टीचा सूर सांगा: भीतीचा आहे, साहसाचा की हसतखेळत. मग काय नको ते विचारा. रॉन एडवर्ड्स यांनी रूढ केलेली ‘लाइन्स’ आणि ‘व्हेल्स’ ही जोडी इथे कामाची. लाइन म्हणजे जे या गोष्टीत येणारच नाही. व्हेल म्हणजे जे घडलं असं कळेल, पण पडद्याआड. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्डही टेबलावर ठेवा: कागदावर काढलेली मोठी फुली. तिला कुणी हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

आपल्याकडे एक अडचण येते. मंडळींत मोठा भाऊ, वहिनी किंवा ऑफिसातले वरिष्ठ असले की माणसं नको असलेल्या गोष्टी उघड सांगत नाहीत. म्हणून मी कोऱ्या चिठ्ठ्या देते. नाव न घालता लिहायचं, घडी करून वाटीत टाकायचं, आणि मी सगळ्या एकत्र वाचते. एकदा ‘लहान मुलाला इजा नको’ अशी चिठ्ठी आली. मी धाकूचा मुलगा पळवण्याऐवजी त्याला मामाकडे गेलेला दाखवला आणि सावकार नुसती धमकी देत राहिला. गोष्टीचं काही बिघडलं नाही.

पहिल्या वेळेला व्यक्तिरेखा तयार करूनच आणा, खेळाडूंपेक्षा दोन जास्त, म्हणजे निवड राहते. प्रत्येकीला धाकूशी जोडणारं एक वाक्य द्या. ‘धाकूने तुला एकदा पुरातून काढलं होतं’ या वाक्यानंतर ‘आम्ही का जावं?’ हा प्रश्न उरत नाही.

टेबलावर

चक्र साधं आहे. समोर काय आहे ते सांगा, काय करता ते विचारा, त्याचं काय झालं ते सांगा. वर्णन तीन वाक्यांत संपवा आणि त्यातल्या एकात वास किंवा आवाज असू द्या. सुक्या मासळीचा वास आला की धक्का आपोआप उभा राहतो.

फासे कधी टाकायचे, हा जीएमचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. मी दोन प्रश्न विचारते: यश आलं तर पुढे काही घडेल का, आणि अपयश आलं तरी पुढे काही घडेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच फासा. कुलूप उघडलं नाही, एवढ्यावर अपयश संपवू नका. कुलूप उघडलं, पण आतल्या कुत्र्याने कान टवकारले, असं सांगा. गप्प बसलेल्या खेळाडूला नावाने विचारा, आणि प्रश्न नेमका ठेवा: ‘ते दोघे बायकोशी बोलतायत तोवर तू कुठे उभी आहेस?’

मराठीतून खेळताना काही सोयी आपसूक मिळतात. क्रियापदातच लिंग असल्यामुळे कोण बोलतंय हे चटकन समजतं. माझा एक मित्र म्हाताऱ्या कोळणीची व्यक्तिरेखा करतो. तो ‘मी जाते’ म्हणाला की कोळीण बोलते आहे, ‘मी चहा ठेवतो’ म्हणाला की तो स्वतः. मी धाकू झाले की ‘मी येतो’ म्हणते आणि वेगळा आवाज काढायची गरज पडत नाही. दुसरी सोय संबोधनाची. सावकार सगळ्यांना ‘तू’ म्हणतो, धाकूची बायको ‘तुम्ही’ म्हणते, आणि घाबरली की तिचं ‘तुम्ही’ अधिकच वाढतं. एकदा खेळाडूंनी सावकाराचा कागद पकडला तेव्हा मी त्याच्या तोंडी पहिल्यांदा ‘आपण’ घातलं आणि टेबलावर सगळे सावरून बसले. बोली येत नसेल तर तिची नक्कल करू नका. संबोधन बदललं तरी माणूस बदलतो.

तीच खाडी, चार नियम

पहिली सिस्टीम डंजन्स अँड ड्रॅगन्स, कारण बहुतेकांनी तेवढंच नाव ऐकलेलं असतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला, तो सैन्याच्या लुटुपुटुच्या लढायांच्या खेळांतून, आणि ते मूळ आजही जाणवतं. खाडी पोहून जायची आहे? डी२० टाका, अंगच्या ताकदीचे आणि सरावाचे गुण त्यात मिळवा, आणि जीएमने ठरवलेला आकडा गाठा. मध्यम अवघड कामाला १५. तुमचे गुण +५ असतील तर यशाची शक्यता ५५ टक्के. कुणी दोरी धरून मदत केली तर अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. शक्यता जवळजवळ ८० टक्क्यांवर जाते. खेळाडूंना हे लवकर कळतं आणि ते मदत शोधू लागतात. लढाईत मात्र प्रत्येकाची पाळी, चाल, वार, अंतर सगळं मोजलं जातं. नियमांतला साधा डाकू ११ हिट पॉइंट्सचा असतो, म्हणजे तेवढी इजा झाली की तो पडतो. बुरुजाच्या पायऱ्यांवर मी असे चार ठेवले आणि पाऊण तास गेला. मजा आली, पण गोष्टीचं केंद्र पायऱ्यांवर सरकलं. ज्यांना डावपेच आवडतात त्यांच्यासाठी हे उत्तम.

दुसरी कॉल ऑफ कथुलू. सँडी पीटरसन यांनी लिहिलेली आणि केओसियमने १९८१ मध्ये काढलेली ही भीतीची सिस्टीम. कौशल्यं टक्क्यांत असतात. निरीक्षण ४५ असेल तर शंभराच्या फाशावर (दोन डी१० मिळून) ४५ किंवा खाली यायला हवं. कठीण कामाला त्याच्या निम्मे, म्हणजे २२, आणि अतिकठीण कामाला पाचवा हिस्सा, म्हणजे ९. हे नवख्यांना समजावून सांगावंच लागत नाही. पुस्तकाचा नेहमीचा काळ १९२० चं दशक आहे आणि आपल्या खाडीला तो फार शोभतो. मुंबईहून कोकणात येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद असायच्या, म्हणजे सुटकेचा मार्ग नियमांनी नाही, ऋतूनेच बंद केलेला. इथे बुरुजातला उजेड सावकाराचा ठेवला नाही. तो कशाचा होता हे मी शेवटपर्यंत पूर्ण दाखवलं नाही. भयंकर काही दिसलं की सॅनिटीचे, म्हणजे मनाच्या तोलाचे गुण घटतात, आणि एका फटक्यात पाच किंवा जास्त गेले तर मन ढळू शकतं. हातचा रोल फसला तर अधिक धोका पत्करून तो पुन्हा टाकता येतो, पण पुन्हा फसला तर परिणाम वाईट व्हायलाच हवा. ‘परत टाकतेस?’ असं विचारून मी थांबले, तेव्हाची शांतता मला त्या रात्रीतलं सगळ्यात चांगलं वाटलं.

तिसरी डंजन वर्ल्ड, २०१२ ची. तिचं मूळ व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये. ल्युडोचे दोन फासे टाका, बेरीज करा आणि व्यक्तिरेखेचे गुण त्यात मिळवा. १० किंवा वर आलं तर मनासारखं, ७ ते ९ आलं तर जमतं पण किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं तर जीएमची पाळी, म्हणजे काय बिघडतं ते तो सांगतो. बेरजेत काहीच गुण न मिळवता शक्यता साधारण १७, ४२ आणि ४२ टक्के आहेत. +१ मिळवलं की २८, ४४ आणि २८. म्हणजे मधला निकाल सतत येणार, आणि सगळी सिस्टीम त्या मधल्या निकालावर उभी आहे. पोहणाऱ्या खेळाडूला ८ आले. मी म्हटलं, ‘पलीकडचा काठ दिसतोय, पण लाट आली. दोरी सोडलीस तर कंदील वाचेल, कंदील सोडलास तर दोरी. काय सोडतोस?’ जीएम इथे स्वतः फासे टाकतच नाही, त्यामुळे तुमचं पूर्ण लक्ष माणसांकडे राहतं. पण सतत किंमत सुचावी लागते, आणि तिसऱ्या तासाला डोकं थकतं. आधीच दहा किमतींची यादी लिहून ठेवा: दिवा विझला, कुणीतरी पाहिलं, बांध फुटला, वेळ गेला.

चौथी ब्लेड्स इन द डार्क, जॉन हार्पर यांची, २०१७ ची. मूळ पुस्तकात डॉस्कव्होल नावाचं झपाटलेलं शहर आणि त्यातल्या चोरांच्या टोळ्या आहेत. मी नियम खाडीवर आणले आणि खेळाडूंना सावकाराची माणसं केलं. धाकू त्यांच्या ताब्यात, गाव संशय घ्यायला लागलेलं, आणि उधाणाआधी माल चढवायचा. कौशल्याइतके सहाबाजू फासे टाकायचे आणि सगळ्यांत मोठा बघायचा: ६ म्हणजे यश, ४–५ म्हणजे यश आणि त्रास, १–३ म्हणजे त्रास. दोन फाशांवर हे ३१, ४४ आणि २५ टक्के पडतं. टाकण्याआधी जीएम धोका किती आणि फायदा किती हे मोकळेपणाने सांगतो, आणि खेळाडू त्यावर घासाघीस करतात.

दोन गोष्टी मी इथून उचलून सगळीकडे वापरते. एक घड्याळ: कागदावर वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करायचे, ‘गावाला कळतंय’ असं नाव द्यायचं आणि प्रत्येक चुकीला एक भाग भरायचा. वर्तुळ भरत आलं की खेळाडूंचे आवाज खाली येतात. दुसरी फ्लॅशबॅक. तासभर बेत आखत बसायचं नाही. थेट बुरुजापाशी सुरुवात करायची आणि अडलं की मागे जायचं. एक खेळाडू म्हणाली, ‘पहारेकऱ्याला मी काल संध्याकाळीच माडी पाजून ठेवली होती.’ त्याची किंमत म्हणून तिच्या व्यक्तिरेखेवर स्ट्रेसचा, म्हणजे ताणाचा, एक गुण चढवला आणि पहारेकरी घोरत होता. त्या टेबलावर शेवटी टोळीतल्या एकीने धाकूला सोडून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

नवं नियमपुस्तक वाचताना

तीनशे पानं पहिल्यापासून वाचू नका. आधी कॅरॅक्टर शीट, म्हणजे व्यक्तिरेखेची माहिती लिहायचा कागद, बघा. त्यावर ज्याला जागा जास्त, त्याबद्दल टेबलावर बोलणं जास्त होणार. मग बक्षीस कशाचं मिळतं ते शोधा. सुरुवातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये खजिन्यातल्या सोन्यावर अनुभवाचे गुण मिळत, म्हणून लोक लढाई टाळून सोनं शोधत. कॉल ऑफ कथुलूत वापरून यशस्वी झालेलं कौशल्य वाढू शकतं. डंजन वर्ल्डमध्ये ६ किंवा खाली आलं की गुण मिळतो, म्हणून अपयशाची भीती सरते. ब्लेड्समध्ये जिवावर उदार होऊन केलेल्या कृतीला गुण आहे, आणि खेळाडू तसेच वागतात. तिसरं, घरी एकट्यानेच एक प्रसंग खेळून बघा: एक पाठलाग, एक वाद, एक मार. टेबलावर अडाल तिथेच तुम्ही घरीही अडता. खेळताना नियम आठवला नाही तर तिथल्या तिथे ठरवा, कागदावर नोंद करा आणि नंतर वाचा. पुस्तक चाळायला दोन मिनिटांहून जास्त लागली की प्रसंग थंड होतो.

बाहेरून मागवलेली पुस्तकं महाग पडतात, पण सुरुवातीला विकत घ्यायची गरज नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१ हा दस्तऐवज, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळे आहेत. कॉल ऑफ कथुलूचं क्विक-स्टार्ट, म्हणजे सुरुवातीपुरत्या नियमांची पुस्तिका, फुकट मिळते. लेझर्स अँड फीलिंग्ज हा हार्पर यांचाच खेळ एका पानात मावतो: प्रत्येकाला २ ते ५ मधला एकच आकडा, बुद्धीच्या कामाला त्याच्या खाली टाकायचं, भावनेच्या कामाला वर. पाव्हणे आले असताना तासाभरात उरकतो. शॉन टॉमकिन यांचा आयर्नस्वॉर्न २०१८ चा, त्याची पीडीएफ मोफत आहे आणि तो जीएमशिवाय, अगदी एकट्यालाही खेळता येतो. जमवायला माणसं नाहीत म्हणणाऱ्यांनी तो जरूर बघावा. फेट ही सिस्टीमही चांगली, पण तिचे उणे-अधिक चिन्हांचे फासे मिळवत बसू नका: साधा फासा टाका, १–२ म्हणजे उणे, ३–४ कोरं, ५–६ म्हणजे अधिक.

मित्र परदेशी असतील तर रोल२० किंवा डिस्कॉर्ड अशा ऑनलाइन मंचांवर खेळ होतो. पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत दुपारचे बारा, थंडीत अकरा. ही वेळ दोन्हीकडे जमते. ऑनलाइन खेळाडू तीनच ठेवा आणि दोन तासांत थांबा.

उठण्याआधी

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. दोन प्रश्न विचारा: कोणता प्रसंग आठवणीत राहील, आणि कुठे कंटाळा आला? उत्तरं देताना कुणाला अडवू नका, स्वतःची बाजूही मांडू नका, फक्त लिहून घ्या. ‘लढाई लांबली’ असं तिघांनी सांगितलं तर पुढच्या वेळी ब्लेड्स काढा. ‘नक्की काय करता येतं तेच कळत नव्हतं’ असं आलं तर डंजन्स अँड ड्रॅगन्सची पक्की चौकट त्यांना बरी वाटेल. मग सगळे बसलेले असतानाच पुढची तारीख ठरवा. ग्रुपवर विचारू म्हणून उठलात की महिना जातो. आमचा दुसरा रविवार ठरलेला आहे, दुपारी तीन ते सहा, आणि तिघे आले तरी खेळ होतो.